हनुवटीच्या सिस्टर

आमच्या सिस्टर माणसाचा चेहरा नंतर बघायच्या, आधी हनुवटी बघायच्या. कोणी नवं माणूस समोर आलं की त्यांची नजर जबड्यावरून गळ्याकडे उतरायची आणि मनातल्या मनात काहीतरी ठरून जायचं. एकदा हॉस्पिटलातल्या क्लार्कच्या लग्नाला आम्ही साऱ्या गेलो होतो. बाकीच्या बायका नवरीच्या शालूबद्दल बोलत होत्या, तेवढ्यात सिस्टर माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "मुलगी गोड आहे गं. पण हनुवटी आखूड आणि मान जाड. हिला झोपवायची वेळ आली तर जपावं लागेल." मी हातात अक्षता घेऊन हसू दाबत उभी होते. त्यांच्या मागे आम्ही पोरी त्यांना 'हनुवटीच्या सिस्टर' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

झोपवणं म्हणजे ऑपरेशनच्या आधी भूल देणं. आमचं मिशनचं हॉस्पिटल नाशिकच्या एका कडेला, बैठं आणि कौलारू होतं. भूल देणारा डॉक्टर अशा जागी तेव्हा मिळायचा नाही. म्हणून एखाद्या नर्सलाच वर्षभर शिकवून त्या कामाला उभं करायचे. सिस्टर ते काम कित्येक वर्षं एकट्या करत होत्या. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी वॉर्डातून मला उचललं. "हिची बोटं लांब आहेत," एवढंच कारण त्यांनी मेट्रनबाईंना सांगितलं.

काम ऐकायला सोपं होतं. तारेची जाळी, तिच्यावर गॉझच्या घड्या, ती पेशंटच्या नाकातोंडावर धरायची आणि वरून ईथर थेंब थेंब सोडायचं. माणूस आधी धडपडतो, कधी शिव्याही देतो, मग हळूहळू शांत होतो. पण शांत झाला की त्याची जीभ मागे पडते आणि श्वासाची वाट अडते. म्हणून डाव्या हातानं हनुवटी वर उचलून धरायची, ऑपरेशन संपेपर्यंत सोडायची नाही. पहिले काही आठवडे माझा हात इतका भरून यायचा की जेवताना भाकरी मोडता यायची नाही. सिस्टर समोर बसून माझी भाकरी मोडून द्यायच्या आणि वर ऐकवायच्या, "उद्यापासून दूध-भाकर कुस्करून खा, म्हणजे माझा त्रास वाचेल."

हात हळूहळू तयार झाला. ईथरचा वास मात्र जाईना. तो केसांत, पदरात, श्वासातसुद्धा राहायचा. माझं घर सिन्नरला. सुट्टीला गेले की आई विड्या वळता वळता नाक मुरडायची. त्याच दिवसांत मला बघायला पाहुणे येणार होते. आईनं निरोप धाडला की आता शिकणं पुरे, घरी ये. सिस्टरना हे कळलं. रविवारी सकाळची प्रार्थना झाल्यावर छत्री घेऊन माझ्यासोबत एस.टी.त चढल्या.

त्या एस.टी.त एक गंमत झाली. आमच्या शेजारी एक फेटेवाले बाबा मान मागे टाकून घोरत होते. बोलता बोलता सिस्टरांचा डावा हात आपोआप उठला आणि त्यांनी बाबांची हनुवटी वर उचलून धरली. घोरणं थांबलं. बाबा दचकून जागे झाले. "ओ बाई! काय करताय हे? दाढी वढता व्हय?" सगळी गाडी वळून बघायला लागली. सिस्टरनी हात पदराखाली घेतला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "श्वास अडत होता तुमचा." बाबा म्हणाले, "साठ वर्सं आडला नाय, आजच कसा आडंल?" सिन्नर येईपर्यंत मला खिडकीकडे तोंड करून बसावं लागलं.

घरी आईनं चहा केला आणि सरळ विषयाला हात घातला. "सिस्टरबाई, पोरीच्या अंगाला दवाखान्याचा वास येतो. पावण्यांना मी काय सांगू?"

"माझ्याही अंगाला येतो," सिस्टर म्हणाल्या. "मला बघायला कोणी येत नाही, म्हणून भागलं."

आई हसली. ती हसली म्हणजे निम्मं काम झालं, हे सिस्टरनी ओळखलं असणार. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "वर्षभर द्या हिला. मग लग्नात मी स्वतः हिचे केस शिकेकाईनं धुऊन देते." दादा, म्हणजे माझे वडील, दारात उभे होते. ते म्हणाले, "वरीस काय, जाईल पटकन. शिकू दे." आणि मी परत नाशिकला आले.

सिस्टरांची एक रीत होती. जाळी तोंडावर ठेवण्याआधी त्या प्रत्येक पेशंटला विचारायच्या, "उठल्यावर आधी कोण दिसायला हवं?" कोणी आई सांगायचं, कोणी नवरा. नांदगावकडच्या एका म्हाताऱ्यानं आपल्या म्हशीचं नाव सांगितलं तेव्हा ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांच्या हातातला चिमटा खाली पडला. ज्याचं नाव घेतलं त्याला त्या खाटेशी आणून बसवायच्या. म्हाताऱ्याच्या खाटेशी त्यांनी निदान त्याच्या धाकट्या सुनेला बसवलं, कारण म्हशीची धार तीच काढायची. दुसरी रीत अशी की ज्यानं झोपवलं त्यानंच उठेपर्यंत बसायचं, मनगट हातात धरून. मध्ये दुसऱ्याच्या हवाली करायचं नाही.

मग विंचूरची ती बाई आली. अपेंडिक्सचं ऑपरेशन, जाळी माझ्या हातात. सगळं नीट चाललं होतं आणि अचानक तिचा श्वास थांबला. ओठ निळे पडायला लागले. सिस्टर माझ्या मागेच उभ्या होत्या. मला वाटलं, आता त्यांचा हात पुढे येईल. तो आला नाही. फक्त आवाज आला, "हनुवटी." मी जाळी बाजूला केली आणि जीव खाऊन जबडा उचलला. किती वेळ गेला कोण जाणे, मग घशातून खरखर झाली आणि श्वास आला. बाई बरी होऊन चालत घरी गेली. पण मी त्या दिवशी हात धुवायच्या जागी बसून रडले, आणि मला सिस्टरांचा भयंकर राग आला.

"तुम्ही हात का नाही घातलात?" मी विचारलं.

"घातला असता तर पेशंट माझा झाला असता. तो तुझा होता."

हे उत्तर मला पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं, की मला वॉर्डात परत पाठवा, मला इंजेक्शनं द्यायला लावा, बेडपॅन उचलायला लावा, पण कोणाचा श्वास माझ्या हातात नको. सिस्टरनी ईथरच्या बाटलीचं बूच घट्ट बसवलं. मग म्हणाल्या, "बरं. पाठवते."

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "शालन, सिस्टरांच्या पोटात गाठ आहे. दीड वर्षं अंगावरून रक्त जातंय. मी मागे लागलोय, काढू या. पण इथं झोपवणाऱ्या त्या एकट्याच. मुंबईला पाठवतो म्हटलं, तर म्हणतात, अनोळखी माणसाच्या हातात हनुवटी देणार नाही."

मग मला सगळं दिसायला लागलं. त्यांचा पांढरा पडलेला चेहरा, ऑपरेशनच्या वेळी मुद्दाम जवळ ओढून घेतलेलं स्टूल, चालता चालता भिंतीला टेकून थांबणं. मी शिकतेय की नाही यावर त्यांचा जीव टांगलेला होता, आणि त्यांनी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. मी गेले असते तर जाऊ दिलं असतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. मी जाऊन एवढंच म्हटलं, "वॉर्डात नंतर जाईन. आधी तुमचं उरकू या."

त्या टेबलावर आडव्या झाल्या तेव्हा अगदी छोट्या दिसत होत्या. त्यांच्याच रीतीनं मी विचारलं, "सिस्टर, उठल्यावर आधी कोण दिसायला हवं?" इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि खेकसल्या, "बडबड नको. हनुवटी धर."

धरली. त्यांची हनुवटी टोकदार होती, धरायला सोपी. पूर्ण वेळ माझा हात हलला नाही.

ऑपरेशननंतर खाटेशी कोणाला बसवायचं ते कळेना. त्यांची बहीण नांदगावला, निरोप पोचायचा होता. म्हणून मीच बसले, त्यांचं मनगट धरून. दुपार कलल्यावर त्यांनी डोळे किलकिले केले. माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला, उलटून माझंच मनगट पकडलं आणि बोटं नाडीवर ठेवली. थोडा वेळ मोजत राहिल्या. मग जड जिभेनं म्हणाल्या, "केवढी पळतीये गं. घाबरलीस?"

"हो."

"मग जमंल तुला," म्हणाल्या आणि परत झोपल्या.

मी वॉर्डात गेले नाही. लग्न झालं, त्याआधी सिस्टरनी माझे केस शिकेकाईनं धुऊन दिले, आणि पुढेही मी तेच काम केलं. ऐंशीच्या दशकात हॉस्पिटलात भुलीचं मशीन आलं, शिकलेले डॉक्टर आले, ते बरंच झालं. सिस्टर निवृत्त होऊन बहिणीकडे निघाल्या तेव्हा मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेले. त्या खिडकीशी बसल्या. गाडी सुटायला वेळ होता, म्हणून मी इतकी वर्षं मनात राहिलेलं विचारलं. "तुमच्या ऑपरेशनच्या दिवशी मी विचारलं होतं, उठल्यावर आधी कोण दिसायला हवं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत."

"उत्तर काय द्यायचं त्यात?" त्या म्हणाल्या. "तू तिथंच उभी होतीस की."

कंडक्टरनं घंटी मारली. त्यांच्या शेजारचा माणूस तोवर मान मागे टाकून घोरायलाही लागला होता. सिस्टरांचा डावा हात थोडा उठला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसल्या, आणि तो हात खिडकीतून माझ्याकडे केला. गाडी हलेपर्यंत मी त्यांचं मनगट धरून चालत राहिले.