एसीच्या पाठीवरचा रंग

आमच्या कारखान्यात खंडेनवमी दिवाळीपेक्षा मोठी होती. आदल्या दिवशी उत्पादन नावापुरतं चालायचं आणि सगळे हात मशिनी धुण्यात गुंतलेले असायचे. रॉकेलनं धुवायचं, चिंध्यांनी पुसायचं आणि मग करड्या ऑइलपेंटचे दोन हात द्यायचे. लेथ असो, पंप असो की स्टोअरमधलं कपाट, जागची हलत नाही अशा प्रत्येक वस्तूला रंग लागायचा. आमचे फोरमन म्हणायचे की रंग दिला की मशीन वर्षभर कुरकुरत नाही. या म्हणण्याला आधार काहीच नव्हता, पण ते मानायला सोपं होतं, म्हणून आम्ही मानायचो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मेंटेनन्स खात्यात इलेक्ट्रिशियन होतो, वय सत्तावीस, नुकताच कायम झालेला आणि त्यामुळे जरा जास्तच शहाणा. पिंपरीला कंपनीच्या कॉलनीत मॅनेजरसाहेबांचा दुमजली बंगला होता आणि त्याच्या वरच्या बेडरूमच्या भिंतीत एक एअर कंडिशनर बसवलेला होता. कॉलनीत तेवढा एकच. येणारेजाणारे तो आधी बघत, मग साहेबांची गाडी. साहेबांच्या पत्नीला मी वहिनी म्हणायचो, त्यांनाही ते आवडायचं. त्या वर्षी त्यांनी निरोप पाठवला की घरातल्या यंत्रांचीही पूजा झाली पाहिजे, आणि हार-कुंकू घेऊन मला पाठवण्यात आलं.

गाडी झाली, फ्रिज झाला. एसीच्या मागच्या बाजूला हार अडकवायला मी बाहेरून शिडी लावली, तर पाठ पावसानं अगदी कळकट झालेली. जाळी गंजलेली, आतले पातळ पत्रे पांढुरके पडलेले. मला ते बघवेना. कारखान्यातून रंगाचा उरलेला डबा आणला आणि जाळीला, पत्र्यांना, नळ्यांना, जे दिसेल त्याला दोन हात दिले. खालून बघितलं तर एसी शोरूममधून आत्ताच आल्यासारखा चमकत होता. वहिनींनी बशीभर करंज्या दिल्या. थंडीचे दिवस आले, एसी बंद राहिला आणि मी ती गोष्ट विसरलो.

मार्चमध्ये तक्रारीची चिठ्ठी आली, 'चालतो, पण गार करत नाही.' एसी आणि पाण्याचे कूलर बघायला आमच्या खात्यात एक मिस्त्री होते. पन्नाशीच्या जवळचे, परभणीकडचे, कमी बोलणारे. हातात कसब असं की कंप्रेसरला नुसता कान लावून काय दुखतंय ते सांगायचे. पण ते टेंपररी होते. दर सात महिन्यांनी टाइम ऑफिस त्यांना ब्रेक द्यायचं. पंधरा दिवस घरी बसवायचं आणि नवा बिल्ला देऊन परत घ्यायचं, म्हणजे सलग नोकरी दिसू नये आणि कायम करावं लागू नये. अशी आठ वर्षं गेली होती. त्या उन्हाळ्यात मात्र पर्सोनेल ऑफिसनं सांगितलं होतं की यावेळी ब्रेक नाही, जूनमध्ये कायम होण्याचं पत्र मिळेल. मिस्त्रींनी ही बातमी फक्त मला सांगितली, तीही हळू आवाजात, बोलण्यानं ती मोडेल अशी भीती असावी तशी.

ते बंगल्यावर गेले. व्होल्टेज बघितलं, आतली जाळी धुतली, थर्मोस्टॅट तपासला. दोष दिसेना. एसी गार करत नाही म्हणजे गॅस गेला, हे त्या काळी पोस्टमनसुद्धा सांगायचा, तेच साहेबांनी सांगितलं. मिस्त्रींना ते पटलं नव्हतं, पण साहेबांपुढे किती बोलणार? थोडा गॅस भरला. चार दिवसांत एसी आणखी बिघडला. आता तो अर्धा तास चालून आपोआप बंद पडायचा.

दुसऱ्या खेपेला त्यांनी सांगितलं की गॅस पुरेपूर आहे, मशीन खाली उतरवून मागून बघावं लागेल. वहिनींनी नकार दिला. भिंतीला नुकताच डिस्टेंपर दिला होता, आणि मागून तर एसी नवाकोरा दिसत होता. मग निदान शिडी द्या, असं मिस्त्री म्हणाले. शिडी सिव्हिल खात्याची, तिला चिठ्ठी लागते, आणि टेंपररी माणसाच्या चिठ्ठीवर सही करायला कुणालाच वेळ नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणारे मात्र सगळे होते.

वहिनींनी मग एक साधा हिशोब केला. गॅस भरला म्हणतात, तरी गार होत नाही, म्हणजे गॅस भरलाच नाही. मग तो गेला कुठे? संध्याकाळपर्यंत कॉलनीत बोललं जाऊ लागलं की मिस्त्री गॅस बाहेर विकतात. दुसऱ्या दिवशी सुटीच्या भोंग्यानंतर गेटवर वॉचमननं त्यांची पिशवी उपडी केली. डबा, पाना, घडी घातलेला टॉवेल. रांगेत त्यांच्या मागे मीच उभा होतो. त्यांनी सगळं परत पिशवीत भरलं आणि ती सायकलला लावली. मी रांगेत पुढे सरकलो. सोमवारी त्यांना ब्रेक मिळाला.

आणि एसी बघायला मला पाठवण्यात आलं. मी शिडी मागितली, ती कुणी चिठ्ठी न विचारता दिली.

एसी गारवा तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि मागच्या पत्र्यांमधून बाहेर टाकतो. म्हणून चालू एसीच्या मागे हात धरला तर गरम वाऱ्याचा झोत लागायला हवा. मी वर चढून हात धरला. वारा जवळजवळ नव्हताच, आणि पत्रे तव्यासारखे तापले होते. डोळे जवळ नेले तेव्हा दिसलं. त्या पत्र्यांमध्ये केसाएवढ्या फटी असतात, त्यांतून वारा जातो. एकही फट उघडी नव्हती. सगळ्या करड्या रंगानं बुजल्या होत्या. उष्णता आतल्या आत कोंडून मशीन गुदमरत होतं.

खाली वहिनी विचारत होत्या की काही सापडलं का. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार मिस्त्रींचा आला नाही. पहिला विचार आला की हे गुपचूप साफ करता येईल. धूळ होती म्हणायचं, कोण वर चढून बघणार आहे? मग लक्षात आलं की धूळ होती म्हटलं तर ती मिस्त्रींनी काढली नाही असं ठरेल. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही माझ्या हातानं. मला स्वतःची किळस आली.

मशीन उतरवून वर्कशॉपमध्ये नेलं. डिस्टेंपरचे पोपडे पडले, त्याबद्दल मला कुणी काही बोललं नाही. थिनरनं रंग मऊ केला, पण फटींत ब्रश जाईना. शेवटी बाजारातून उवा काढायच्या दोन फण्या आणल्या आणि एकेक ओळ विंचरत बसलो. दोन दिवस लागले. मिस्त्रींनी भरलेला जास्तीचा गॅस मी काढला, मशीन परत चढवलं, आणि दहा मिनिटांत खोली गार पडली.

संध्याकाळी साहेब आले, झोतापुढे हात धरून उभे राहिले आणि काय झालं होतं ते विचारलं. मी सांगितलं.

"साहेब, रंग मीच लावला होता. खंडेनवमीला. त्यानं फटी बुजल्या. मिस्त्रींची काही चूक नाही. ते मागून बघू द्या म्हणत होते."

मला वाटलं होतं, मेमो मिळेल. साहेब हसायला लागले. वहिनीही हसल्या. पूजा मशीनला बाधली, असं साहेब म्हणाले, आणि पुढे ही गोष्ट ऑफिसर्सच्या कँटीनमध्ये इतकी रंगली की लोक मला बोलावून ती सांगायला लावायचे. मिस्त्रींचं काय, हे मी पुन्हा विचारलं. साहेब म्हणाले, हो हो, बोलतो पर्सोनेलशी. चांगला माणूस होता तो, तसा वाईट नव्हता. गॅसबद्दल कुणीच काही बोललं नाही. ज्या तोंडांनी ते पसरवलं होतं, ती आता रंगाच्या विनोदात गुंतली होती.

रविवारी मी सायकल काढून भोसरीला मिस्त्रींच्या खोलीवर गेलो. ते दाराशी टेबलफॅनची मोटर उघडून बसले होते. मला बसायला पाट दिला, बायकोला चहा ठेवायला सांगितला. मी सगळं सांगितलं, रंग, फण्या, साहेबांना दिलेली कबुली. माफीही मागितली. त्यांनी आधी विचारलं की मशीन आता नीट गार करतं का. करतं म्हटल्यावर समाधानानं मान हलवली. कंप्रेसर वाचला, म्हणाले. मग साहेबांशी बोलणं झालं आहे, पत्र येईल, असं मी सांगितलं. ते मोटरची तार गुंडाळत राहिले.

"तुम्ही सांगितलं ते लई चांगलं केलं, राव. दुसऱ्यानं सांगितलं नसतं," ते म्हणाले. "पण साहेब हसले म्हणता. त्यो रंग माझ्या हातानं लागला असता, तर हसले असते का?"

हसले असते, असं मी म्हणालो. ते खरं नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांनी वाद घातला नाही, चहा गार होतोय म्हणाले.

पंधरा दिवसांनी टाइम ऑफिसनं त्यांना नवा बिल्ला घ्यायला बोलावलं. बिल्ला पुन्हा टेंपररीचाच होता. तो घ्यायला ते आले नाहीत.