बेंदराचे बैल आणि तळ्याचा गाळ

माझी मुलगी डायनासोरच्या काळाचा अभ्यास करते असं सांगितलं की लोक हाडांची चौकशी करतात. आमच्या घरी हाडं अजून आलेली नाहीत. गोकाकच्या बाजूच्या एका खाणीतून आली ती पाच किलो माती. लाव्हाच्या दोन थरांत दबलेला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्याचा गाळ. तो भिजवून चाळला की मोहरीएवढे शंख मिळू शकतात. मिळाले तरच तिचा प्रबंध पुढे सरकणार होता. आधीच्या दोन खेपांत काही निघालं नव्हतं, आणि आता खाणीत पाणी भरलं होतं.

माती परसात टबात भिजत घालून ती बेळगावला कॉलेजात गेली. बेंदरासाठी, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्यासाठी, बोरगावहून माझी थोरली बहीण आली होती. संध्याकाळी मुलगी परतली तेव्हा टब रिकामा होता आणि देवासमोर पाटावर चार बैल उभे होते. डोळ्यांच्या जागी जोंधळे.

"आत्या, ही माझी माती हाय."

"तरीच. कुंभाराची लई खरबरीत असती. ही लोण्यागत."

"साडेसहा कोटी वर्षांची हाय ती."

"मग चांगली मुरल्याली असंल."

मुलीने एक बैल उचलायला हात पुढे केला. आक्काने तिचा हात धरला. "पूजा झालीया गं. आता मोडायचं न्हाय."

मुलगी खाली बसली. मळताना शंख फुटले असतील, एवढंच म्हणाली.

मी विचारलं, "आक्का, ह्यांचं पुढं काय करायचं असतं?"

"उद्या पाण्यात सोडायचं."

"टबातलं पाणी चालंल?"

आक्काने विचार केला. "सवच्छ पायजे."

सकाळी टब घासला. आक्काने हात जोडून बैल स्वतः सोडले. ते विरघळायला दुपार झाली. मग मुलीने गाळ चाळला. आठ जोंधळे निघाले; चार बैलांचा हिशोब जुळला. चाळणीतलं वाळवून भिंगाखाली घेतलं, तेव्हा पाच शंख मिळाले. दोन फुटलेले, तीन अख्खे.

तिच्या सरांनी शंख मान्य केले. फक्त मातीवर काय काय प्रक्रिया झाली ते सगळं लिही म्हणाले. तिने लिहिलं: भिजवणे, मळणे, हळदकुंकू, पुन्हा भिजवणे. हळदकुंकवाखाली रेघ ओढून सरांनी प्रमाण विचारलं.

मी बोरगावला फोन लावला.

"चिमूटभर," आक्का म्हणाली. "बैलामागं."