खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

खंडेनवमीला मी कॉलेजातून घरी आले, तर आमचा कॉम्प्युटर नटून बसला होता. स्क्रीनला झेंडूची माळ, डब्याला हळदीकुंकवाची बोटं, शेजारी विळी, अडकित्ता आणि शिवणाची कात्री. आणि भिंतीवरचं बटण बंद. सकाळी निघताना मी विंडोजचं अपडेट लावून गेले होते. ते चालू असतानाच मामांनी मशीन पुसायला घेतलं होतं आणि ओल्या फडक्यानं शॉक बसू नये म्हणून आधी बटण दाबलं होतं.

मामा म्हणजे माझे सासरे. वैरागला शाळेत मास्तर होते. सासूबाई गेल्यापासून सोलापुरात आमच्याजवळ राहतात. नवरा कामासाठी परगावी, त्यामुळे सणाला घरात आम्ही दोघंच.

"मामा, बंद करू नका असं स्क्रीनवर एवढं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की. वाचायचं तरी," मी म्हणाले. आवाज चढला होता, खोटं कशाला सांगू.

"चुकलं माजं," ते म्हणाले.

मी बटणाकडे हात नेला तसं त्यांनी थांबवलं. "आता नगं. पूजा झालेलं हत्यार उद्यापतूर बसू द्यायचं." मी असल्या गोष्टी फारशा मानत नाही, पण नुकतीच त्यांच्यावर ओरडले होते म्हणून मुकाट ऐकलं.

तो दिवस काही केल्या सरेना. त्या मशीनवर दोन सिस्टिम होत्या. लिनक्स माझी, विंडोज मामांची. "एका घरात दोन चुली कशाला?" म्हणून ते मला चिडवायचे. स्वतःच्या चुलीवर ते रोज दुपारी दोन बोटांनी आपल्या आठवणी टाइप करायचे. काचबिंदू झाला होता आणि गेलेली नजर परत येणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून त्यांची घाई चालली होती. त्या लिखाणाची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, बॅकअप घ्या म्हणून मुलांचे कान किटवते, आणि घरी 'या रविवारी पेनड्राइव्हवर घेते' म्हणता म्हणता कितीतरी रविवार घालवले होते. माझा निम्मा राग माझ्यावरच होता.

दसऱ्याला सकाळी माळ काढून मशीन सुरू केलं. कुठली सिस्टिम हवी ते विचारणारा मेनू आला. विंडोज निवडलं. बिघाडाचा निळा स्क्रीन. आपोआप पुन्हा सुरू झालं, पुन्हा निळा. मामा माझ्या मागे खुर्ची टाकून बसले होते.

"आलं का?"

"येईल."

चौथ्यांदा निळं दिसलं आणि माझा धीर सुटला. मुलांना जे करू नका म्हणून सांगते तेच केलं. आधी फाइली बाहेर काढायच्या सोडून थेट दुरुस्ती चालवली. त्या दुरुस्तीनं विंडोज तर उठलं नाहीच, वर सुरुवातीचा मेनूही पुसून टाकला. आता काळा स्क्रीन आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक पांढरी रेघ. दोन्ही चुली थंड.

"पोरी, गेलं असंल तर सांग," मामा शांतपणे म्हणाले. "परत एवढं लिवणं माज्यानं हुयाचं न्हाय." त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी उठले, पाणी प्याले. दार अडकलं म्हणून आतली ट्रंक नाहीशी होते असं थोडंच आहे, असं स्वतःला बजावलं. लिनक्सचा जुना पेनड्राइव्ह शोधून काढला. त्याच्यावरून मशीन चालतं, आतल्या डिस्कला धक्का न लावता. दहा मिनिटांनी मामांची डिस्क दिसायला लागली, पण उघडेना. अर्धवट बंद झाली होती ना. मग फक्त वाचण्यापुरती उघडून पाहिली. उघडली. मामांचं फोल्डर जिथल्या तिथं होतं. बघत न बसता आधी दोन पेनड्राइव्हवर त्याच्या प्रती घेतल्या, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

"आहे मामा. सगळं आहे."

"वाच की मग. शेवटचं वाच."

इतक्या महिन्यांत मी ती फाइल एकदाही उघडली नव्हती. शेवटी गेले. सासूबाईंच्या आजारपणाचा भाग होता. त्या गेल्यावर मामा त्यांच्याविषयी कुणाशी अक्षरही बोलले नव्हते. पहिलं वाक्य नीट होतं. त्याच्याखाली पानंच्या पानं नुसता अक्षरांचा भुगा. डिस्कच खराब झाली असं मला वाटलं. मागची पानं चाळली. ती चांगली होती. मग हळूहळू एखादा शब्द चुकलेला, पुढे एखादी ओळ, आणि शेवटी बोटं सरळ शेजारच्याच बटणांवर पडलेली. डिस्कला काहीही झालं नव्हतं. मामांना दिसतच नव्हतं, आणि एका घरात राहून मला ते कळलं नव्हतं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"वाच की."

मी वाचलं, "त्या उन्हाळ्यात तिला पहिल्यांदा चक्कर आली."

"फुडं?"

"पुढचं मला वाचता येईना, मामा. तुम्ही सांगा, मी लिहिते."

मग चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला.

"कळलं व्हय तुला," ते म्हणाले, आणि मी जिथं बसले नव्हते तिकडं बघत सासूबाईंबद्दल सांगू लागले.