तटस्थ जहाज आणि मामाचं पित्त

बाबांची ती फाइल आता माझ्याकडे आहे. तिचा वास आला की जयपूरचं आमचं क्वार्टर डोळ्यांपुढे उभं राहतं.

इराण-इराकचं युद्ध चालू होतं. एका बाजूच्या नौदलानं मामाचं जहाज अडवून आपल्या बंदरात नेऊन ठेवलं. जहाजात तांदूळ, मामा त्यावर इंजिनियर, आणि आपला देश कुणाच्याच बाजूचा नाही. आईनं देव पाण्यात घातले. बाबांनी फाइल उघडली.

बाबा शहरातल्या सी-स्कीम भागात विमा कचेरीत अधिकारी. कागद गेल्याशिवाय जगात काही हलत नाही, हे त्यांचं ठाम मत. दर सोमवारी परराष्ट्र खात्याला टाइप केलेलं पत्र जायचं: तटस्थ देशाचे हक्क, आंतरराष्ट्रीय कायदा, मागील पत्राचा संदर्भ. उत्तर यायचं, दोन्ही सरकारांकडे निषेध नोंदवला आहे. बाबा त्याला भोक पाडून फाइलला लावायचे आणि लढाई जिंकल्यासारखा चहा मागायचे.

"यात माझा भाऊ कुठंय?" आई विचारायची. मग दोघांची जुंपायची. मी तटस्थ राष्ट्र, तरी बोलणी दोन्हीकडून मीच खायची.

एका सोमवारी पत्र पेटीत टाकायला निघाले, तर आईनं ते हातातून घेतलं आणि बाबांच्या सहीखाली लिहिलं, "भाई को पित्त का त्रास है. मिरची मत देना." मागच्या रजेत मिरचीवडा खाऊन मामा दोन दिवस आडवा पडला होता.

संध्याकाळी मी बाबांना सांगून टाकलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "सरकारी पत्रात मिरची? आता कोण दखल घेणार आपली!"

तीन आठवडे उत्तर नाही. आई धास्तावली. माझ्यामुळेच बिघडलं म्हणून रडायची.

मग पाकीट आलं. टाइप केलेला मजकूर नेहमीचाच. खाली मात्र निळ्या शाईत कुणीतरी हातानं लिहिलं होतं, "बहनजी, हमारे अधिकारी भाईसाहब से मिल आए. ठीक हैं. खाना बिना मिर्च का मिल रहा है."

बाबांनी ते आईला दोनदा वाचून दाखवलं. त्या कागदाला त्यांनी भोक पाडलं नाही.

पुढच्या सोमवारी सही करून त्यांनी पत्र आईपुढे सरकवलं.

"खाली चार बोटं जागा सोडलीय," म्हणाले. "काय ते लिही."