काढून टाकलेलं कॅलेंडर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोला माझ्या बाकी सगळ्या भानगडी ठाऊक आहेत—ही नाही. मग तुम्हालाच का? तुमचा चेहरा मला दिसत नाही, तेवढंच कारण असेल.

वडील हवाई दलात. त्यांच्या बदलीबरोबर चंदीगडला आलो. ते निवृत्त होऊन साताऱ्याला परतले, मी इथेच चिकटलो. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. एका छोट्या कंपनीत आम्ही जावामध्ये वेबसाइट बनवायचो—परदेशी दवाखान्यांच्या, रुग्णांनी अपॉइंटमेंट घ्यायच्या. माझ्या हाताखाली हरप्रीत होती, रोज पिंजौरहून बसने यायची. तारीख निवडायला पानावर जो कॅलेंडरचा चौकोन दिसतो, तो तिने लिहिलेला. इतका नेटका, की मला हेवा वाटायचा. हो—वाटायचा.

ग्राहकाला काम दाखवायच्या दिवशी ती रजेवर होती, आणि नेमकं तेव्हाच कॅलेंडर एक दिवस मागचं दाखवू लागलं. मी काय केलं? तिच्या फाइलची नक्कल काढली, तारखेच्या आकड्यात सरळ एक मिळवला आणि ती नक्कल त्याच नावाने सर्व्हरवरच्या सुट्या फोल्डरमध्ये टाकली. सर्व्हरची रीत अशी, की एखाद्या नावाची फाइल तो आधी त्या फोल्डरमध्ये शोधतो. तिथे मिळाली, की मूळ काम ज्या गठ्ठ्यात बांधून पाठवलेलं असतं तिकडे ढुंकूनही बघत नाही. कुणाला कळवतही नाही.

वेळ निभावली. साहेबांनी पाठ थोपटली, परदेशी पाठवायच्या माणसांत माझं नाव घातलं. नक्कल काढायची मी विसरलो. ते खरंच विसरणं होतं—पुढचं नव्हतं.

महिनाअखेर ग्राहकाने कळवलं, कॅलेंडर बत्तीस तारीख दाखवतंय.

हरप्रीतने तपासलं. तिच्या मशीनवर सगळं ठीक, सर्व्हरवर बत्तीस. ती दुरुस्त करून द्यायची, मी सर्व्हरवर चढवायचो—ते काम माझं होतं—आणि पुन्हा बत्तीस. तिने सगळं नव्याने लिहिलं. बत्तीस! चौकोनाचा निळा रंग बदलून लाल केला, पानावर निळाच. कुणीतरी तिच्या मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. आधी तीही हसली. मग हसेनाशी झाली.

शेवटी तिने कॅलेंडरच काढून टाकलं. समूळ—त्याची फाइलच गठ्ठ्यातून वगळली. तो गठ्ठा मी तिच्यादेखत चढवला, सर्व्हर बंद करून चालू केला, पान उघडलं. कॅलेंडर तिथेच होतं. निळं, बत्तीस तारखेसकट.

“मैंने तो निकाल दिया है, सर जी,” ती अगदी हळू म्हणाली. “फिर ये कौन दिखा रहा है?”

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. कारण तेव्हा मला ती नक्कल आठवली. त्या पानावर मी होतो—तिचं नाव लावून, तिच्या जागी बसलेला.

‘ती माझी फाइल आहे.’ एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. का नाही म्हटलं? परदेशवारी जाईल म्हणून? साहेब काय म्हणतील म्हणून? ते तर होतंच. पण त्याहून वाईट सांगतो—कधी न चुकणारी ती मुलगी अशी चाचपडताना बघून मला आतून बरं वाटत होतं.

ती तोंडावर पाणी मारायला गेली. तेवढ्यात मी नक्कल पुसली आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. ती परत आली तर कॅलेंडर नाहीसं झालेलं. तिने नव्याने लिहिलेलं कॅलेंडर परत चढवलं—सगळं बिनचूक! साहेबांनी विचारलं, काय केलंस? काहीच केलं नाही, ती म्हणत राहिली. साहेब माझ्याकडे वळले.

“थक गई है बेचारी,” मी म्हणालो. “पुरानी फाइल ही भेजती रही होगी.”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिला ते पटलं होतं.

तिच्याकडून ते काम काढून घेतलं गेलं. पुढे तिने नोकरीच सोडली. मी परदेशी जाऊन आलो.

बऱ्याच वर्षांनी, माझ्याकडे राहायला आलेल्या आईला देवदर्शनाच्या बसमध्ये बसवायला सेक्टर ४३च्या बसस्टँडवर गेलो होतो. हरप्रीत दिसली, सोबत शाळकरी मुलगी. तिनेच ओळखलं, आईच्या पाया पडली. मग स्वतःच्या बसच्या पायरीवर एकदम थबकली.

“गुड्डी, ताला लगाया था ना मैंने?”

“लगाया था मम्मी. कितनी बार पूछोगी?”

ती माझ्याकडे बघून ओशाळली. “क्या करूँ सर जी, अपने पे भरोसा ही नहीं होता. आपको तो पता है.”

मला पता होतं. मी तिची पिशवी वर चढवून दिली, आणि बस सुटेपर्यंत हात हलवत उभा राहिलो.