न पाठवलेला टेक

माझे वडील रंगमंचावर किती वेळा मेले, याची मोजदाद आमच्या घरात कोणी ठेवली नाही. आई म्हणायची, "मले तं विधवा व्हायची सवयच झाली." नायिकेचा बाप, गावचा पाटील, डॉक्टर, आंधळा भिकारी, विकला गेलेला वकील. नायक कधीच नाही. पोस्टरवर त्यांचा चेहरा खालच्या ओळीत, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्वेच्या धानाच्या मुलखात, नाटकांचा हंगाम असतो. वडील एकाच हंगामात दोन-दोन, तीन-तीन कंपन्यांत कामं करायचे. आज सासरा, उद्या फौजदार. विणकराच्या घरातला माणूस. माग सुटला आणि त्यांनी हे धरलं.

एवढी कामं त्यांना झेपायची, त्याचं एक कारण मी. हे फुशारकीनं सांगत नाही. तिकडे नटानं अख्खं नाटक पाठ करावं अशी अपेक्षा नसते. विंगेत प्रॉम्प्टर वही घेऊन बसतो आणि प्रत्येक वाक्य नटाच्या आधी, दबक्या पण पोचेल अशा आवाजात म्हणतो. नट ते उचलतो आणि शेवटच्या रांगेपर्यंत फेकतो. लोकांच्या कानावर दोन्ही आवाज पडतात, पण ऐकतात ते एकच. विसाव्या वर्षी मी त्या वहीपाशी बसलो. पुढे बुटीबोरीला कापड कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागलो, तरी साऱ्या रजा तिथेच गेल्या. बायकोच्या पहिल्या बाळंतपणालाही मी विंगेतच होतो. वडिलांनी वही कधी हातात धरली नाही. कुठे चुकलो, किती गाळलं, हे ते मला विचारायचे आणि मी सांगेन ते खरं मानायचे.

दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या सुमारास, शहरातल्या सदर भागातल्या एका ऑफिसातून फोन आला. एका वेब सिरीजसाठी म्हातारा बाप हवा होता. आरोपीचा बाप. काम छोटं नव्हतं, महिनाभर शूटिंग. "एका सीनचा व्हिडिओ करून पाठवा, मोबाईलवर चालेल," असं फोनवरचा मुलगा म्हणाला. वडील तेव्हा चौऱ्याहत्तरचे. आयुष्यात कॅमेऱ्यासमोर कधी उभे राहिले नव्हते. रविवारी दुपारी ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आणि भुवया पेन्सिलनं काळ्या करून आले.

"बाबा, मेकअप नको म्हणाले ते."

"मंग काय उघड्या तोंडानं जाऊ बे?"

बेशाला, शहराच्या कडेला असलेल्या आमच्या फ्लॅटमध्ये, गॅलरीच्या दाराशी उजेड होता. स्टुलावर तांदळाचा डबा, डब्याला टेकवून मोबाईल. आईनं पंखा बंद केला, कुकर उतरवला. त्यांनी पाठवलेला पानभर सीन पोलीस ठाण्यातला होता. इन्स्पेक्टर मुलाबद्दल विचारतो, बाप उत्तर देतो. इन्स्पेक्टर मी वाचायचा.

पहिल्या वेळी वडील असे काही गरजले की समोरच्या फ्लॅटमधली बाई भांडण झालं का म्हणून पाहायला आली. दुसऱ्या वेळी आवाज जरा खाली आला, पण माझी सवय आडवी आली. इन्स्पेक्टरचं वाक्य म्हणून झालं की त्यांचंही वाक्य मी आधी पुटपुटत होतो. व्हिडिओ लावून पाहिला तर माझी कुजबुज त्यांच्यापेक्षा स्पष्ट. वडील हसत सुटले.

"तूच तं चांगलं करून राहिला गा! तुलेच घेतील."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दोघांले मिळून एक पगार देतील."

मग ते गंभीर झाले. "आता तू चूप बस. फक्त इन्स्पेक्टर बोल."

"आठवणार नाही तुम्हाला."

"नाही आठवलं तं चूप राहीन. चूप राहाले पाठांतर लागत नाही."

तिसरा टेक. मी विचारलं, "त्या दिवशी तो घरी होता का?" वडील लगेच बोलले नाहीत. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहिले, सुताचा पोत पाहावा तसे. मग फरशीकडे पाहत, अगदी हळू म्हणाले, "साहेब, माझा मुलगा खोटं बोलत नाही." पोरगा खोटं बोलला आहे हे त्या बापाला पुरतं ठाऊक आहे, हे त्या आवाजातून कळत होतं. इन्स्पेक्टरचं पुढचं वाक्य मलाच कागदावर सापडेना. पूर्ण पान त्यांनी एक शब्द न गाळता म्हटलं.

"कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"बरं झालं," मी म्हणालो.

"मंग तिसराच पाठव." आणि ते जाऊन आडवे झाले.

मी दुसरा पाठवला.

बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो की रजेचा प्रश्न होता. महिनाभर त्यांच्यासोबत राहायला कोणीतरी लागणार होतं, ते मीच असणार होतो आणि स्टोअरचे साहेब आधीच नाराज होते. हे खोटं नाही. पण त्या दुपारी हातात मोबाईल घेऊन बसलो होतो तेव्हा डोक्यात साहेब नव्हते. डोक्यात एवढंच होतं की या माणसाला माझी गरज नाही. कदाचित कधीच नव्हती. तीस वर्षं मी त्यांच्या आधी बोलत राहिलो, म्हणून त्यांना असं थांबून बोलताच आलं नाही. अंगठा दुसऱ्या व्हिडिओवर गेला तेव्हा तो चुकून गेला नाही.

दोन दिवसांनी उत्तर आलं. बाबूजींचा चेहरा छान आहे, पण पाठांतर नाही, मागून कोणीतरी सांगतंय, त्यामुळे जमणार नाही. वडिलांना मी फक्त पाठांतराचं वाचून दाखवलं.

"तिसरा पाठवला होता ना?"

"हो."

"त्यात तं मी अडकलो नव्हतो."

"दोन ठिकाणी अडकलात, बाबा."

ते माझ्याकडे पाहत राहिले. व्हिडिओ दाखव, असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. पण चुकलं कुठे हे सांगायचं काम माझं, या बोलीवर आमचं आयुष्य गेलं होतं. "असं काय," म्हणाले आणि भुवयांची पेन्सिल कपाटात ठेवून आले.

दिवाळीआधी कंपनीच्या मालकाचा फोन आला, दरवर्षीसारखा. मी शेजारीच बसलो होतो. वडील म्हणाले, "यंदा नको, मालक. आधी मी विसरत होतो. आता विसरलो हेही समजत नाही. अशा माणसाले उभं करू नका." मालक बरंच बोलत होते. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. फोन ठेवला गेला.

तो हंगाम त्यांनी बेशात काढला. गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांसमोर उभं राहून ते तेच पान म्हणायचे. आई ओरडायची, "ऐकलं बाप्पा! तुमचा पोरगा खरं बोलते, साऱ्या सोसायटीनं ऐकलं!" संध्याकाळी मी कारखान्यातून आलो की हातात कागद द्यायचे. "धर. पाह्य, चुकतो का." मी कागद धरायचो. एक अक्षर चुकत नसे.

"आता कसं आहे?"

"आता बरोबर आहे."

"मंग विचार ना त्या पोट्ट्याले."

"जागा भरली, बाबा." हे मी एकदा नाही, चार-पाचदा म्हणालो.

होळीच्या आधी त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. दवाखान्यात तीन दिवस होते, बोलले नाहीत.

तेरवीला कंपनीची माणसं आली. त्यांच्यातला एक म्हातारा नट आईला म्हणाला, "वहिनी, दादांचं एक वाक्य पाठ नसायचं, पण काय नट होता!" सगळे प्रेमानं हसले. आई हसली नाही. पाहुणे गेल्यावर भांडी आवरता आवरता म्हणाली, "पाठ नव्हतं म्हणते. मी रोज ऐकलं ना."

मी मोबाईल काढला आणि तिसरा टेक लावून तिच्यासमोर धरला. तिनं हात पुसले, पूर्ण पाहिला.

"मंग हा काहून नाही घेतला त्यायनं?"

"पाठवलाच नाही, आई. दुसरा पाठवला. मुद्दाम."

"तुझ्या बाबाले सांगतलं होतं?"

"नाही."

तिनं मोबाईल माझ्या हातात परत दिला आणि राहिलेली भांडी घासायला घेतली. त्या दिवशी आणि पुढे आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. मग एका रविवारी, जेवणं झाल्यावर, पाटावर बसली आणि म्हणाली, "लाव ते."

तेव्हापासून दर रविवारी लावतो. "माझा मुलगा खोटं बोलत नाही" हे वाक्य आलं की ती स्क्रीनकडे पाहत नाही, माझ्याकडे पाहते. मी उठून जाऊ लागलो तर म्हणते, "बस गा. पूर्ण होऊ दे."