अंबिकाताईला सोडून बाकीच्या चौघी

आमच्या लालबागच्या चाळीत बास्केटबॉल कुणाला धड कळत नाही, पण अंबिकाताई खेळते म्हटल्यावर अख्खी चाळ मॅचला येते. ही सगळी कबड्डीची माणसं. ताईचे बाबा गुणाजीकाका त्यांच्या काळात चढाईला एक नंबर, एकटे आत जायचे, गडी मारून परत यायचे. पोरीलाही त्यांनी हेच शिकवलं की आत गेलेल्याचं कोणी नसतं, सुटायचं तर आपणच. त्यामुळे ताईच्या हातात बॉल आला की बाहेरून एकच आवाज, जा अंबे, चढ. आणि ती जायची, एकटीच. आम्ही बाकीच्या चौघी उभ्या राहून बघायचो. प्रेक्षकच होतो आम्ही, फक्त जर्सी घातलेले.

समोर असायची वरळीच्या बीडीडी चाळीतली संघमित्रा. दोघींचं शाळेपासून वाकडं. तिचं नाव निघालं की ताई अर्ध्या जेवणातून उठायची. दर फायनलला तेच व्हायचं, ताई आत शिरली की संघमित्रा आणि अजून एक मुलगी तिला कोपऱ्यात दाबायच्या. मागे लाइन, पुढे चार हात. पॉइंट सगळ्यात जास्त ताईचे आणि हरायचो आम्ही.

ताई परळच्या एका लॅबमध्ये लोकांचं ब्लड घेते. दिवसभर ती छोटीशी केबिन, घरी एका खोलीत सहा जणं, झोपायला मोरीजवळची जागा. कोर्ट तेवढं तिचं मोकळं, तर तिथेही कोपराच. त्यात या वर्षी लॅबने सांगून टाकलं की फायनल झाली की संध्याकाळची शिफ्ट. म्हणजे प्रॅक्टिस बंद, खेळ बंद. संघमित्राला एकदा तरी हरवायचं तर हीच शेवटची मॅच.

सेमीफायनलनंतर पाण्याच्या नळावर संघमित्रा भेटली. ताईने तोंड फिरवलं. मी बाजूलाच होते.

ती म्हणाली, "अंबिका, तू माझ्यापेक्षा भारी खेळतेस. पण मला तुला एकटीलाच अडवायचं असतं ना, म्हणून सोपं जातं. तुझ्या बाकीच्या चौघींची मला नावंपण माहीत नाहीत."

टोमणा नव्हता तो, म्हणूनच जास्त लागला. बसस्टॉपपर्यंत ताई माझ्या पुढे पुढेच चालली. मग एकदम म्हणाली, "श्रेया, तुला शॉट उजवीकडून जमतो की डावीकडून?"

इतकी वर्षं एकत्र खेळतोय आणि हे तिने पहिल्यांदा विचारलं. मला तिथेच रडायला आलं यार. उजवीकडून, सांगितलं.

फायनलला शेवटी शेवटी आम्ही एका पॉइंटने मागे. ताई आत गेली आणि अडकली, तोच कोपरा, त्याच दोघी. बाहेरून काका ओरडले, "अंबे, खंय बघतस? जा गो!"

ती आम्हाला शोधत होती. दोघींच्या पायांमधून तिने बॉल आपटून माझ्याकडे काढला. मी रिंगच्या उजवीकडे, अंगावर कोणीच नाही, आणि मी शॉट घालवला. चाळीतून कोणीतरी बोललंच, हिला कशाला दिला. मला वाटलं जमीन फाटावी.

पण त्यांचाही शॉट चुकला, बॉल पुन्हा आमच्याकडे. ताई पुन्हा कोपऱ्यात. आता ती मला देणारच नाही, मी पैजेवर सांगितलं असतं. काका ओरडत होते, चाळ ओरडत होती, तिच्या नाकासमोर संघमित्राचे हात. तिने दिला. मलाच. आणि गेला आत.

शिट्टी वाजली तशी चाळ कोर्टात घुसली आणि ताईलाच खांद्यावर घेतलं. आमची अंबिका, आमची अंबिका. ती खाली उतरवा म्हणून सांगतेय, कोण ऐकतंय. पाय घट्ट धरलेले. सोमवारपासून संध्याकाळची शिफ्ट, आणि जिंकूनपण तिला आमच्यापर्यंत येता येईना.

तेवढ्यात घामाने निथळणारी संघमित्रा गर्दीतून माझ्याकडे आली.

"तुझं नाव काय गं?"

मी सांगायच्या आत वरून ताईचा आवाज आला, "एकीचं नको, चौघींची विचार."